कणीस माणसाला, कडबा गुरांना : सजीवांच्या रेणूंची घडण

ज्वारीचे पीक काढणीला आले की एकाच धाटाचे दोन वाटे होतात. कणीस खुडून खळ्यावर जाते आणि त्यातल्या दाण्यांची भाकरी माणसाच्या ताटात पडते. उरलेल्या धाटांच्या पेंढ्या बांधून रचल्या जातात आणि तो कडबा वर्षभर गुरांपुढे पडतो. ही वाटणी इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यात काही कोडे दडले असेल, अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. दाण्यात मुख्यतः स्टार्च असतो, कडब्यात सर्वांत मोठा वाटा सेल्युलोजचा असतो, आणि हे दोन्ही पदार्थ ग्लुकोज या एकाच साखरेचे रेणू एकमेकांना जोडून तयार झालेले असतात. कापसाचा सदराही जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचाच. रसायनाच्या हिशेबाने भाकरी, कडबा आणि सदरा ही सख्खी भावंडे ठरतात; तरीही भुकेने कासावीस झालेला माणूस कडबा चावून जगू शकत नाही, आणि पावसात भिजलेली भाकरी लगदा होते पण सदरा शंभरदा धुतला तरी विरघळत नाही. माल एकच असताना गुण इतके वेगळे कसे, या प्रश्नाचे उत्तर ज्वारीपुरते मर्यादित नाही. सजीवांचे शरीर ज्या रेणूंचे बनते त्या सगळ्यांची किल्ली त्यात आहे.

सोन्यापेक्षा घडणावळ महाग

मानवी शरीराच्या वजनात सुमारे 65 टक्के ऑक्सिजन, 18 टक्के कार्बन, 10 टक्के हायड्रोजन आणि 3 टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे चार मूलद्रव्यांतच 96 टक्के वजन संपते, आणि हाडांतले कॅल्शियम, रक्तातले लोह, मिठातले सोडियम ही सगळी मंडळी उरलेल्या 4 टक्क्यांत दाटीवाटीने बसतात. ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा मोठा भाग पाण्याच्या रूपात असतो; ते पाणी बाजूला काढले तर जे शिल्लक राहते त्याचा कणा कार्बन आहे, कारण कार्बनच्या अणूला एकाच वेळी चार बाजूंनी जोडण्या करता येतात आणि त्यामुळे त्याच्या सरळ माळा, फांद्या फुटलेल्या माळा आणि बंद कडी असे सगळेच आकार तयार होऊ शकतात.

या मालातून सजीव मुख्यतः चार कुळांतले मोठे रेणू घडवतात: कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले. सोनाराकडे एकाच लगडीतून पाटल्याही होतात आणि नथही होते, आणि दोन्हींची किंमत ठरवताना घडणावळ वेगळी मोजावी लागते. सजीवांच्या बाबतीत तर लगड जवळजवळ फुकट आणि सगळे मोल घडणावळीचे, असा प्रकार आहे.

जोडणीची रीतही चारही कुळांत बहुतांशी सारखीच आहे. दोन लहान घटक शेजारी येतात, एकाकडून हायड्रोजनचा अणू आणि दुसऱ्याकडून ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी सुटते, त्या दोहोंचे मिळून पाणी होऊन बाहेर पडते आणि मोकळ्या झालेल्या जागी दोन्ही घटकांचा बंध जुळतो. हाच बंध सोडवायचा असेल तर त्या सांध्यात पाण्याचा एक रेणू परत घालावा लागतो. पचन म्हणजे मुळात हेच काम: अन्नातल्या साखळ्यांच्या सांध्यासांध्यात पाणी घालून त्या सुट्या करायच्या. हे काम आपोआप घडायला फार काळ लागतो, म्हणून शरीर विकरे वापरते. विकर म्हणजे विशिष्ट क्रियेला वेग देणारे आणि स्वतः खर्च न होणारे प्रथिन.

उलटा टाका, सुलटा टाका

ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे 6, हायड्रोजनचे 12 आणि ऑक्सिजनचे 6 अणू असतात आणि पाण्यात तो बहुतेक वेळ षटकोनी कड्याच्या रूपात राहतो. या कड्याच्या ज्या टोकाकडून पुढची जोडणी व्हायची असते, तिथली ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी एक तर खालच्या बाजूला असते किंवा वरच्या. फरक एवढाच. खालच्या बाजूने जोडणी होत गेली की प्रत्येक कडे आधीच्या कड्याशी किंचित वळून बसते आणि साखळीला गोल जिन्यासारखा पीळ पडतो. हा झाला स्टार्च. शाळेच्या प्रयोगशाळेत बटाट्याच्या कापावर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग उमटतो, तो आयोडीन या जिन्याच्या पोकळीत जाऊन बसल्यामुळे. स्टार्चच्या या सरळ, पिळदार प्रकाराला अमायलोज म्हणतात. त्याच्या जोडीला अमायलोपेक्टिन नावाचा फांद्या फुटलेला प्रकार असतो, आणि ज्या तांदळात अमायलोजचे प्रमाण कमी त्याचा भात अधिक चिकट होतो.

पीळ सैल असल्यामुळे गरम पाणी स्टार्चच्या कणांत शिरू शकते, कण फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ होते. ज्वारीच्या पिठात आधणाचे पाणी घालून ते मळण्यामागे हेच कारण आहे: ज्वारीला स्वतःचा चिवटपणा नसतो, म्हणून तिच्या थोड्या स्टार्चची आधी खळ करून तिनेच बाकीचे पीठ बांधायचे. पीठ जुने होऊन त्याची विरी गेली की आधणाशिवाय भाकरी थापताच येत नाही, हे ठाऊक असलेल्या सुगरणींनी स्टार्चचे रसायन नाव न देता वापरात आणले होते.

आता तीच जोडणी वरच्या बाजूने केली तर काय होते? साखळी जुळण्यासाठी प्रत्येक पुढचे कडे पालथे व्हावे लागते. विणकामात एक उलटा, एक सुलटा टाका घालावा तसे. या पालटामुळे पीळ पडत नाही, साखळी सरळ पट्टीसारखी राहते, आणि अशा शेकडो-हजारो कड्यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी येऊन एकमेकींना हायड्रोजन-बंधांनी धरून ठेवतात. हायड्रोजन-बंध म्हणजे एका रेणूतल्या हायड्रोजनला शेजारच्या ऑक्सिजन किंवा नायट्रोजनबद्दल वाटणारी ओढ; एकटा बंध दुबळा, पण काथ्याचा एकेक धागा हाताने तुटतो आणि त्याच धाग्यांचा वळलेला दोर बैल बांधायला पुरतो, तशी त्यांची एकी पक्की असते. पाण्याला आत शिरायला जागा उरत नाही. हे सेल्युलोज. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायाँ याने 1838 मध्ये ते वनस्पतींतून वेगळे केले.

माणसाच्या लाळेतले आणि स्वादुपिंडातले अमायलेज हे विकर पहिल्या प्रकारचाच सांधा ओळखते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागू लागतो, तो या विकराने स्टार्चच्या साखळीचे तुकडे पाडायला सुरुवात केल्यामुळे. कापसाचा बोळा मात्र दिवसभर चघळला तरी गोड होणार नाही, कारण उलट-सुलट सांध्यावर बसेल असे विकर माणसाकडे नाही. गंमत अशी की ते गाईकडेही नाही. गाय कडबा पचवते हे अर्धसत्य आहे. तो पचवतात तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, म्हणजे कोटीपोटातले, कोट्यवधी सूक्ष्मजीव. गाय त्यांना उबदार जागा देते, रवंथ करून माल बारीक करून देते, आणि ते सेल्युलोज फोडून आंबवतात तेव्हा तयार होणाऱ्या लहान आम्लांवर, आणि पुढे खुद्द त्या सूक्ष्मजीवांच्या मृत देहांवर, ती जगते. दावणीला बांधलेले जनावर एक दिसत असले तरी वैरण प्रत्यक्षात एका अख्ख्या वसाहतीला घातलेली असते.

तूप गोठते, करडईचे तेल का नाही?

स्निग्ध पदार्थांत लांब साखळी नसते. ग्लिसरॉल या तीन कार्बनच्या लहान रेणूला मेदाम्लांच्या तीन शेपट्या जोडल्या की तेलाचा किंवा तुपाचा एक रेणू तयार होतो. शेपटीतल्या कार्बनच्या अणूंमध्ये सगळीकडे एकेरी बंध असतील तर ती सरळ राहते. कुठे दुहेरी बंध आला तर तिथे तिला कोपर फुटल्यासारखा बाक येतो. सरळ काटक्यांची मोळी आवळून बांधता येते, बाभळीच्या वाकड्यातिकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळली तरी पोकळच राहते. तुपात सरळ शेपट्यांचे प्रमाण जास्त, म्हणून ते थंडीत थिजते. करडईच्या तेलात सुमारे 75 टक्के मेदाम्ल दोन बाक असलेले, म्हणून ते हिवाळ्यातही वाहते राहते. खोबरेल या नियमाला फाटा देते असे वाटते, कारण त्यात बाकदार शेपट्या फारच थोड्या असूनही ते उन्हाळ्यात पातळ असते; पण त्याच्या शेपट्याच आखूड, बऱ्याचशा 12 कार्बनच्या, असल्यामुळे त्यांची पकड कमी पडते आणि 24 अंश सेल्सिअसच्या आसपास ते वितळते. बाटली थंडीत गोठते आणि उन्हात ठेवली की सुटते, त्यामागे एवढेच आहे.

वनस्पती तूप तयार करताना तेलात हायड्रोजन मिसळून दुहेरी बंध मोडले जातात. मात्र अर्धवट मोडलेले काही बंध टिकतात आणि त्यांची दिशा पालटून बाक जवळजवळ सरळ होतो. यांनाच ट्रान्स मेदाम्ले म्हणतात. हृदयविकाराशी त्यांचा संबंध स्पष्ट झाल्यावर भारतात खाद्यतेल आणि चरबीतील त्यांची मर्यादा जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांवर आणली गेली.

स्निग्ध पदार्थांची खरी कामगिरी मात्र स्वयंपाकघराबाहेर आहे. तीन शेपट्यांपैकी एकीच्या जागी फॉस्फरस असलेला, पाण्याशी सलगी करणारा गट बसवला की असा रेणू तयार होतो ज्याचे डोके पाण्याकडे धावते आणि शेपट्या पाण्यापासून पळतात. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले तर कोणी न सांगता ते दोन थरांत रांगा लावतात. डोकी बाहेर, शेपट्या आत. प्रत्येक पेशीभोवतीचे पटल या दुपदरी थराचे असते आणि त्याची जाडी केसाच्या जाडीच्या सुमारे 10 हजाराव्या भागाइतकी असते. पेशी म्हणजे पाण्यात तरंगणारा पाण्याचाच थेंब. या तेलकट कुंपणाशिवाय तिला आत आणि बाहेर असे काही उरलेच नसते.

तिंबलेली कणीक आणि उकडलेले अंडे

वितळलेले तूप पुन्हा गोठते, पण उकडलेले अंडे पुन्हा पातळ होत नाही. हा फरक समजला की प्रथिनांचा स्वभाव समजतो.

प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ असते. मणी एकूण 20 प्रकारचे; प्रत्येकाचा मुख्य सांगाडा सारखा, पण बाजूला लोंबणारा गट निराळा, कोणाचा तेलकट आणि पाण्यापासून पळणारा, कोणाचा विद्युतभारित, कोणाचा अगदी चिमुकला. ही माळ पाण्यात तयार होत असल्यामुळे तेलकट मणी आत दडू पाहतात, पाण्याला जवळचे मणी बाहेर राहतात, विरुद्ध भाराचे मणी एकमेकांना ओढतात आणि माळेची एक ठरावीक घडी पडते. कामाला येते ती ही घडी. अमायलेजची घडी पडल्यावर तिच्यात जी खाच तयार होते तिच्यात स्टार्चचा सांधा बसतो आणि सेल्युलोजचा बसत नाही. ज्वारीच्या कोड्याचे दुसरे टोक इथे येऊन मिळते.

अंड्याच्या पांढऱ्या भागात सुमारे 90 टक्के पाणी आणि 10 टक्के प्रथिने असतात, आणि त्यांतले मुख्य ओव्हाल्ब्युमिन 385 अमिनो आम्लांचे असते. उष्णतेने त्याच्या घड्या मोडतात, आत दडलेले तेलकट भाग उघडे पडतात आणि शेजारच्या मोडलेल्या माळांच्या उघड्या भागांना बिलगतात. हजारो दोऱ्यांचा असा गुंता होतो की त्यात पाणीही अडकून पडते, आणि पातळ पांढरा भाग घट्ट होतो. थंड केल्याने तूप पूर्ववत होते, कारण तिथे रेणू फक्त एकमेकांपासून सैल झालेले असतात. गुंता मात्र थंड करून सुटत नाही.

गव्हाची कणीक तिंबताना हाच खेळ मुद्दाम खेळला जातो. गव्हातली ग्लियाडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने पाणी मिळाल्यावर एकमेकांत गुंततात आणि त्यांचे ग्लुटेन नावाचे लवचिक जाळे तयार होते. पुरणपोळीची कणीक भरपूर तिंबून झाकून ठेवतात ती या जाळ्यासाठी, जेणेकरून पोटात दुप्पट पुरण घेऊनही पोळी फाटू नये. ज्वारीत असे जाळे होत नाही, म्हणूनच तिला आधण लागते.

| चौकट : तिपेडी वेणी आणि आवळा |
|---|
| शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग कोलॅजेनचा असतो. त्वचा, हाडे, स्नायूबंध यांची मजबुती त्याच्यामुळे. कोलॅजेन म्हणजे तीन माळांची तिपेडी वेणी, हे 1954 मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी दाखवून दिले. या माळांत दर तिसरा मणी ग्लायसिन हा असतो, कारण वेणीच्या मध्यात सर्वांत लहान मण्यालाच जागा मिळते. वेणी घट्ट राहण्यासाठी काही मण्यांवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवावी लागते आणि त्या कामाला क जीवनसत्त्व लागते. ते दीर्घकाळ मिळाले नाही की वेणी सैल पडते, हिरड्यांतून रक्त येते आणि जखमा भरत नाहीत. या आजाराला स्कर्व्ही म्हणतात. आवळ्यात क जीवनसत्त्व विपुल असते. |

मूळ दस्त आणि उतारा

माळेतल्या मण्यांचा क्रम घडी ठरवतो, हे मान्य केले तर पुढचा प्रश्न अटळ आहे: क्रम कोण ठरवतो? फ्रेडरिक सँगर याने इन्शुलिनच्या 51 अमिनो आम्लांचा क्रम पूर्ण उलगडून दाखवला आणि त्यासाठी त्याला 1958 चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक प्रथिनाला नेमका क्रम असतो हे त्यामुळे निर्विवाद झाले. हा क्रम जिथे लिहून ठेवलेला असतो तो पदार्थ त्याच्या कितीतरी आधी हाती लागलेला होता. फ्रेडरिक मिशर या तरुण स्विस वैद्याने 1869 मध्ये ट्युबिंगेन येथे, रुग्णालयातून आणलेल्या पट्ट्यांवरच्या पुवातून, पेशींच्या केंद्रकातला एक फॉस्फरसयुक्त पदार्थ वेगळा केला. तोच डीएनए. त्याचे महत्त्व कळायला पुढे पाऊणशे वर्षे जावी लागली.

डीएनएच्या साखळीत साखर आणि फॉस्फेट यांचा एकसुरी कणा असतो आणि त्यावर चार प्रकारची अक्षरे टांगलेली असतात: ए, टी, जी आणि सी. दोन साखळ्या समोरासमोर येतात तेव्हा ए समोर टी आणि जी समोर सी एवढेच जुळते, म्हणून एक साखळी हाती असली की दुसरी तिच्यावरून बिनचूक लिहिता येते. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत मिळालेल्या क्ष-किरण छायाचित्रांचा आधार घेऊन वॉटसन आणि क्रिक यांनी 1953 मध्ये ही रचना मांडली. फ्रँकलिन यांना त्याचे श्रेय त्यांच्या हयातीत पुरेसे मिळाले नाही. माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर त्याची लांबी सुमारे 2 मीटर भरते.

जमिनीचा मूळ दस्तऐवज दप्तरातून बाहेर काढला जात नाही; कामापुरता सातबाराचा उतारा काढून तो फिरवला जातो. पेशीतही तेच घडते. डीएनए केंद्रकातच राहतो, हव्या त्या भागाचा आरएनए नावाचा उतारा निघतो आणि तो रायबोसोम या यंत्रणेकडे जातो. रायबोसोम तीन-तीन अक्षरे वाचत जाते आणि प्रत्येक त्रिकुटामागे एक अमिनो आम्ल माळेत ओवते. कोणते त्रिकूट कोणत्या अमिनो आम्लाचे, हा कोश उलगडण्यात हरगोविंद खोराना यांचा वाटा होता आणि त्यांना 1968 मध्ये नोबेल मिळाले. रायबोसोमची अणूअणूपर्यंतची रचना दाखवणाऱ्यांत वेंकटरामन रामकृष्णन होते, त्यांना ते 2009 मध्ये मिळाले.

सहाव्या जागेवरचे एक अक्षर

घडणावळीत एका मण्याची चूक झाली तर काय होते, हे पाहायला दूर जावे लागत नाही. रक्तातले प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन चार माळांचे असते, दोन 141 मण्यांच्या आणि दोन 146 मण्यांच्या. या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे बीटा माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असते. त्याला विद्युतभार असतो आणि ते पाण्यात सुखाने राहते. डीएनएमधल्या जीएजी या त्रिकुटाचे जीटीजी झाले, म्हणजे मधले एकच अक्षर बदलले, की तिथे व्हॅलीन येते. व्हॅलीन तेलकट. रेणूच्या बाहेरच्या अंगावर पाण्यात उघडे पडलेले हे तेलकट टोक लपायला जागा शोधते, आणि हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याला शेजारच्या रेणूच्या अंगावरची एक खाच सापडते. रेणूला रेणू चिकटत जाऊन त्यांचे ताठ दोर तयार होतात, आणि बशीसारखी मऊ तांबडी पेशी ताणली जाऊन विळ्याच्या आकाराची होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात, आणि त्या लवकर मरत असल्यामुळे रक्त कायम कमी राहते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये या सिकलसेल आजाराला रेणूचा आजार म्हटले; बदल नेमक्या एका अमिनो आम्लाचा आहे, हे 1956 मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये शोधले. 574 मण्यांत दोन मणी बदलतात, आणि माणसाचे सगळे आयुष्य बदलते.

आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच बदललेले जनुक आले तर ती व्यक्ती वाहक असते. तिला सहसा त्रास होत नाही, उलट मलेरियाच्या घातक प्रकारापासून काही संरक्षण मिळते, आणि मलेरियाग्रस्त प्रदेशांत हा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहण्याचे कारणही तेच मानले जाते. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या विदर्भातल्या पट्ट्यात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात वाहकांची संख्या लक्षणीय आहे. देशपातळीवर 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली असून तिचे लक्ष्य 2047 हे वर्ष आहे. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहक कोण हे चेहऱ्यावरून किंवा प्रकृतीवरून कळत नाही. थोडेसे रक्त घेऊन केलेली सोल्युबिलिटी चाचणी आणि नंतर खात्रीसाठी केलेली इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी यांतूनच ते समजते. या भागांतल्या तरुण-तरुणींनी लग्न ठरण्याआधी ही तपासणी करून घ्यावी आणि दोन्ही घरांनी तिचा अहवाल समोरासमोर बसून पाहावा.